करडी ट्यूब

"कन्व्हर्टर बदलायचा नाही," मी म्हणालो. "निदान तो मेलाय हे मला दिसेपर्यंत तरी नाही."

चित्रकलेच्या बाईंच्या हातात दुसऱ्या गॅरेजने लिहून दिलेला कागद होता आणि तो त्या माझ्या नाकासमोर नाचवत होत्या. कागदावर एकच ओळ होती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी, नवा टाकावा लागेल.

"त्यांनी मशीन लावून बघितलं," बाई म्हणाल्या. "मशीनच सांगतंय म्हणे."

"मशीन फक्त तक्रार सांगतं, बाई. तक्रार करणारा खरं बोलतोय का, ते आपण बघायचं असतं."

हे वाक्य मी गेली दहा वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवतो आहे आणि दर वेळी ते मला तितकंच आवडतं. बाईंना ते आवडलं नाही. त्या शाळेत चित्रकला शिकवतात, वीस वर्षांपासून गाडी आमच्याकडेच आणतात आणि गाडी सोडून घरी जा म्हटलं तर जात नाहीत. हाताची घडी घालून बॉनेटपाशी उभ्या राहतात आणि आम्ही पाना उचलला तरी कशाला उचलला ते विचारतात. आज तर त्या भांडायच्याच तयारीने आल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी याच गाडीचं इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, म्हणजे आम्ही ज्याला टॅपेट कव्हर म्हणतो ते, आमच्याकडे नव्याने बसवलं होतं, आणि तेव्हापासून गाडीचं अॅव्हरेज पडलं होतं. गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवाही लागला होता.

"झाकण कोणी बसवलं होतं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"दादांनी," बाई म्हणाल्या आणि कोपऱ्याकडे बघितलं.

कोपऱ्यात दादा स्टुलावर बसून आपले पाने रॉकेलने पुसत होता. पुसलेला प्रत्येक पाना तो एका जुन्या चादरीवर मापाप्रमाणे ओळीने मांडत होता. शनिवार होता आणि दादाचा कामाचा तो शेवटचा दिवस होता. ती चादर गुंडाळून तो संध्याकाळी घरी जाणार होता, ते परत न येण्यासाठी.

गॅरेज आम्हा दोघा भावांचं. इंजिन दादाचं, वायरी आणि सेन्सर माझे. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. पाना कसा धरायचा ते मला त्यानेच शिकवलं. आजही निम्मी गिऱ्हाइकं आत आल्यावर माझ्याकडे बघून हसतात आणि विचारतात, "दादा आहेत का?" मी दोन कोर्स केले, स्कॅनर आणला, भिंतीवर सर्टिफिकेटं लावली, तरी "दादा आहेत का?" हे काही थांबलं नाही. याचा मला त्रास होत नव्हता असं म्हणालो तर ते खोटं होईल.

मग गेल्या दोन महिन्यांत एकामागून एक तीन गाड्या परत आल्या. तिन्हींची टॅपेट कव्हरं दादाने बसवलेली. तिन्हींचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुराच्या पाइपातला, गेलेला. सेन्सर काढला की टोकावर पांढरी पूड. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच. इंजिनाचं झाकण बसवताना कडेने सिलिकॉनची पेस्ट लावतात. ती चुकीच्या जातीची असली तर तिची वाफ इंजिनात ओढली जाते, जळते आणि सेन्सरवर जाऊन बसते. सेन्सर झिंगल्यासारखा होतो, काहीबाही सांगायला लागतो. म्हणून सेन्सरवाल्या इंजिनाला करडी ट्यूब आणि पाण्याच्या पंपाला वगैरे काळी ट्यूब, हा आमच्याकडचा तीस वर्षांचा शिरस्ता. आमच्या दोघांपैकी कोणीही ट्यूबवरचं लिहिलेलं वाचत नाही. रंग बघतो आणि उचलतो.

"काळी लावलीस तू," मी पहिल्या गाडीच्या वेळी म्हणालो होतो.

"नाही रे, करडीच लावली," दादा म्हणाला होता.

दुसऱ्या गाडीच्या वेळीही तो तेच म्हणाला. तिसऱ्या वेळी काही म्हणाला नाही. आणि या सोमवारी सकाळी कुलूप उघडतानाच म्हणाला, "छोट्या, मी शनिवारनंतर काम थांबवतो. मला आठवतंय करडीच लावल्याचं, पण तीन गाड्या काही खोटं बोलणार नाहीत. आता माझा मलाच भरवसा वाटत नाही."

यावर भावाने काय म्हणायला हवं होतं ते मला आज सांगता येतं. त्या दिवशी मी म्हणालो, "बघ, तुला वाटेल तसं." वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी मला बरंही वाटलं. आता लोक आत आल्यावर मलाच विचारणार होते.

तर आता ही चौथी गाडी, बाईंची. मी मनात निकाल लावूनच टाकला होता, पण बाईंसमोर सगळं रीतसर करून दाखवायचं ठरवलं. गाडी रॅम्पवर घेतली. आधी धूर सोडून पाइपाला कुठे भोक नाही ना ते बघितलं, कारण पाइपातून बाहेरची हवा आत शिरली तरी सेन्सर फसतो. भोक नव्हतं. मग इंजिन चांगलं तापू दिलं आणि तापमान मोजायची बंदूक कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर पाइपावर धरली.

"आत जाताना किती, बाहेर येताना किती, वाचा तुम्हीच," मी बाईंना म्हणालो.

"बाहेर जास्त आहे."

"म्हणजे आत काम चालू आहे. घाण धूर आतल्या आत जाळून साफ करायचा, हे त्याचं काम. जळतंय म्हणून उष्णता वाढतेय. मेलेल्याला ताप चढत नाही."

बाईंच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. मला चेव आला.

स्कॅनरच्या पडद्यावर मी दोन रेघा लावल्या. एक कन्व्हर्टरच्या पुढच्या सेन्सरची, एक मागच्याची. पुढचा सेन्सर इंजिनातून येणारा धूर हुंगतो आणि पेट्रोल जास्त की कमी ते कॉम्प्युटरला सांगतो. त्याची रेघ भराभर वरखाली व्हायला हवी. मागचा सेन्सर साफ झालेला धूर बघतो, त्याची रेघ शांत हवी. इथे मागची रेघ हेलकावे खात होती. दुसऱ्या गॅरेजने तेवढंच बघून कन्व्हर्टरला फाशी सुनावली होती.

"आता पुढची बघा," मी म्हणालो आणि इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी चिमूटभर गॅस सोडला. निरोगी सेन्सरची रेघ तत्क्षणी उडी मारते. ही रेघ आळोखेपिळोखे देत, जांभया देत वर चढली आणि तितक्याच सावकाश उतरली. "हा आळशी झालाय. हा उशिरा सांगतो, म्हणून कॉम्प्युटर उशिरा सुधारतो. तोवर पेट्रोल कधी फार, कधी फारच कमी. एवढे झोके कन्व्हर्टर तरी किती सावरणार? कन्व्हर्टर निर्दोष आहे. गुन्हेगार पुढे बसलाय."

मी सेन्सर उघडून काढला. टोक पांढरं होतं. अगदी पीठ लावल्यासारखं.

मी तो उंच धरला आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दादा, हे बघ. चौथी."

दादा उठून आला. त्याने सेन्सर हातात घेतला नाही, नुसता बघितला.

"करडीच लावली होती," तो म्हणाला, पण आवाज आधीसारखा नव्हता.

"काळी लावली असशील. तुला आठवत नसेल."

दादाने खिशातून फडकं काढलं आणि स्वच्छच असलेले हात परत पुसले. "असेल," तो म्हणाला.

बाई आमच्या दोघांकडे बघत होत्या. मग त्या वाकल्या आणि बॉनेटच्या आत डोकं घातलं.

"काळी कुठे आहे पण?" त्यांचा आवाज आतून आला.

"काय?"

"काळी लावली म्हणता ना? या झाकणाच्या कडेने जे बाहेर आलंय ते तर करडं आहे. सगळंच करडं आहे इथे. दोन वेगळे करडे आहेत, पण काळं कुठेच नाही."

सेन्सर असतो गाडीच्या पोटाखाली. टॅपेट कव्हर असतं इंजिनाच्या डोक्यावर. आधीच्या तिन्ही गाड्यांना मी खालून सेन्सर काढला, पांढरं टोक बघितलं, नवा बसवला आणि बाहेर आलो. वर डोकावून बघितलंच नाही. कशाला बघायचं? मला माहीत होतं ना. आता मी बाईंच्या शेजारी वाकलो आणि बॅटरीचा झोत टाकला. झाकणाच्या कडेने एक बारीक करडी रेघ होती. दादाच्या हातची, एकसारखी, कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही.

"दोन वेगळे म्हणजे?" मी विचारलं.

बाईंनी बोटाने दाखवलं. "हा पुढच्या बाजूचा बघा, मातकट आहे. आणि हा वरचा, निळसर. एका ट्यूबमधले नाहीत हे. माझ्या सहावीतल्या मुलींनासुद्धा कळेल."

"इंजिनाच्या पुढचं कव्हर दोन वर्षांपूर्वी लावलेलं," दादा मागून म्हणाला. "तेव्हाचं आहे ते."

मी फळीकडे गेलो. करड्या ट्यूबचा खोका उचलला. खोक्यावरचं नाव आमच्या नेहमीच्या कंपनीचं नव्हतं. एक ट्यूब काढली, मागच्या बाजूला फिरवली आणि बारीक अक्षरं उजेडाकडे धरून वाचली. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजिनांवर वापरू नये. या कंपनीची सेन्सरला चालणारी ट्यूब लाल, आणि करडी ही साधी, असंही खाली लिहिलं होतं.

खोका मी मागवला होता. गॅरेजमधला सगळा माल मीच मागवतो. तो फोनसुद्धा मला जसाच्या तसा आठवला. मी एका गाडीला स्कॅनर लावून उभा होतो. दुकानदार म्हणाला, नेहमीची नाही, दुसऱ्या कंपनीची आहे, चालेल का? मी म्हणालो, "करडीच आहे ना? पाठवून द्या." अर्ध्या मिनिटाचं बोलणं झालं असेल. दादाला मी ते सांगितलंही नव्हतं.

ट्यूब माझ्या हातात होती, माझी पाठ त्या दोघांकडे होती. दादाने "असेल" म्हणून टाकलं होतं. बाईंना नवा सेन्सर मिळाला असता आणि त्या खूश होऊन गेल्या असत्या. दादाची चादर अर्धी भरून झालेली होती. मी ट्यूब खोक्यात ठेवली असती, सोमवारी खोका बदलून आणला असता आणि कोणाला कधी काही कळलं नसतं. हे सगळं मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा ते फार वाईटही वाटलं नाही, हे मी कबूल करतो. मग मागे रॉकेलच्या डब्यात पाना पडल्याचा आवाज झाला. दादा उरलेले पाने पुसायला परत बसला होता.

"दादा," मी वळून म्हणालो, "तू करडीच लावली होतीस."

"जाऊ दे रे आता."

"जाऊ दे नाही. तू बरोबर ट्यूब उचललीस. ट्यूबच चुकीची होती. मी मागवली. कंपनी वेगळी आहे, हिची करडी सेन्सरला चालत नाही. मागे लिहिलंय. मी वाचलं नाही आणि तुला सांगितलंही नाही."

मग बाई बोलल्या. त्या शिक्षिका आहेत, त्यांना राहवणार नव्हतंच.

"म्हणजे दादा पहिल्यापासून खरं सांगत होते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही चार गाड्या होईपर्यंत नुसते सेन्सर बदलत बसलात. मघाशी काय म्हणालात मला? तक्रार करणारा खरं बोलतोय का ते बघायचं असतं?"

मी ट्यूबवरची ती ओळ परत वाचली.

दादा आला, माझ्या हातून ट्यूब घेतली, थोडी पेस्ट अंगठ्यावर पिळली आणि दोन बोटांत चोळली. "जरा मऊ आहे," तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तू म्हणालास, माल मी बघतो, तू तुझं काम बघ."

तेही खरं होतं. मी असं म्हणालो होतो, आणि म्हणाल्यावर विसरूनही गेलो होतो.

दादाने अंगठा पुसला. चादरीवरून त्याला हवे ते तीन पाने उचलले आणि बाईंच्या गाडीशी गेला. "नेहमीची ट्यूब घेऊन ये," तो मला म्हणाला. "कुठल्याही दुकानातून आण, पण बघून आण." मी गेलो. तीन दुकानं फिरलो. चौथ्यात मिळाली, आणि तिथे काउंटरपाशी उभा राहून मी ट्यूबवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. मागे रांगेतला माणूस वैतागला, पण मी वाचतच राहिलो.

मी परत आलो तेव्हा दादाने झाकण उघडून, निळसर रेघ खरवडून, कडा आरशासारख्या केल्या होत्या. बाई त्याच्याशेजारी उभ्या राहून दिवा धरत होत्या. दादाने नवी पेस्ट लावली. त्याचा हात कसा चालतो ते मी बऱ्याच वर्षांनी नीट बघितलं. कुठेही न थांबता, एका दमात, कोपऱ्यावर किंचित सावकाश. त्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

पेस्ट सुकल्यावर मी नवा सेन्सर बसवला, गाडी चालू केली, थोडी फिरवून आणली आणि रेघा लावल्या. पुढची रेघ भराभर वरखाली उड्या मारायला लागली. मागची शांत झाली. बाईंनी दुसऱ्या गॅरेजचा तो कागद फाडून चार तुकडे केले आणि गाडीत बसल्या. काच खाली करून त्या दादाला म्हणाल्या, "डिसेंबरात ब्रेकचं काम आहे. तुम्हीच करायचं."

दादा हसला, पण हो म्हणाला नाही.

त्या गेल्यावर त्याने कामांची वही काढली आणि तो खोका आल्यापासून केलेली टॅपेट कव्हरं मोजली. आठ. चार परत आली होती, त्यातल्या तिघांची पेस्ट अजून बदलायची होती.

"उरलेल्या चौघांना दिवा लागला की येतील ते," मी म्हणालो. "सेन्सर मागवून ठेवतो."

"दिवा लागेपर्यंत त्यांनी पेट्रोल जाळायचं? आणि मग कुणीतरी त्यांना कन्व्हर्टर बदला म्हणून सांगायचं?" दादा म्हणाला. "शर्ट बदल. आपण जायचं."

फोन करू असं मी सुचवलं. दादा तोवर हात धुवायला लागला होता.

पहिल्या घरी एक निवृत्त कॅशियर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "म्हणजे माझी गाडी अजून बिघडलेली नाही, आणि ती बिघडणार आहे हे सांगायला तुम्ही दोघं घरी आलात?" त्यांच्याकडे आयुष्यात असं कोणी आलं नव्हतं. दुसरीकडे एक बाई चिडल्या. तिसरीकडे पाणी मिळालं. प्रत्येक ठिकाणी मी "सॉरी, माल घेताना माझी चूक झाली" असं म्हणालो आणि दादा शेजारी उभा राहिला. बोलायची सवय माझी, म्हणून मीच बोलत होतो.

चौथं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर दादा कठड्याला धरून थांबला. मला वाटलं, दम लागला.

"माल चुकला त्याचं काही नाही," तो म्हणाला. "माल कोणाचाही चुकतो. पण छोट्या, मी दोन महिने नुसतं आठवत होतो. जेवताना, गाडी चालवताना. कुठली ट्यूब उचलली, कुठल्या हाताने उचलली. डोळ्यांसमोर करडीच यायची. मग वाटायचं, डोकं चाललं आपलं. तुझ्या वहिनीला सांगितलं नाही मी. डॉक्टरांकडे जाऊन आलो."

त्या दिवशी मी तिन्ही घरी सॉरी म्हणालो होतो. त्याला एकदाही म्हणालो नव्हतो.

"दादा, चुकलं माझं," मी म्हणालो. "तुला आठवत नसेल, असं मी म्हणायला नको होतं. मला ते हवंसं वाटत होतं म्हणून मी म्हणालो."

काय वाटलं त्याला ते मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. मग त्याने शर्ट खाली ओढून नीट केला आणि उरलेल्या पायऱ्या माझ्या पुढे होऊन चढला. बेल त्याने वाजवली.

दार एका तरुण माणसाने उघडलं. त्याने दादाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय झालं? गाडीचं काही आहे का?" त्याने मला विचारलं.

मी तोंड उघडलं, पण दादाने हात किंचित मागे करून मला थांबवलं.

"झाकण मी बसवलंय तुमच्या इंजिनाचं," तो म्हणाला. "माझ्याशी बोला. त्यातला माल बदलायचाय, सोमवारी गाडी घेऊन या."

"तुम्ही असाल ना पण? परवा कोणीतरी म्हणालं, दादा आता बसणार घरी."

"मी असतो," दादा म्हणाला. "रोज असतो."